दारातले एकोणीस फुलकांदे

"तिसरा चष्मा हा. नाक मला एकच आहे."

मास्तरीणबाई इतक्या हळू पुटपुटल्या की फक्त चष्मेवाल्याच्या सुनेला ऐकू यावं. सून त्या वेळी त्यांच्या उजव्या कानामागे चष्म्याची काडी वाकवून बघत होती आणि तिचा चेहरा त्यांच्या गालापासून वीतभरावर होता. पडद्यापलीकडे, दुकानाच्या पुढच्या खोलीत, तिचे सासरे दुसऱ्या गिऱ्हाइकाला काचा कशा पुसाव्यात ते समजावत होते. सदऱ्याच्या टोकानं पुसू नये, हे ते गेली पन्नास वर्षं सांगत आले होते आणि गल्ली गेली पन्नास वर्षं सदऱ्याच्या टोकानंच पुसत आली होती.

सुनेनं डोळ्यांनीच खूण केली, जरा हळू.

"हळूच बोलतेय. वर्गात आयुष्यभर ओरडले, आता हळू बोलायची हौस फेडतेय." बाईंनी मान तिरकी केली. "सतरा आहेत गं ती फुलं. डावीकडून मोजली, उजवीकडून मोजली. सतरा म्हटलं की तुझे सासरे म्हणतात, बाई, नजर उतरली. मागल्या आठवड्यात तेच, त्याच्या आधी तेच."

सून म्हणाली की मग बाकीच्यांसारखं एकोणीस म्हणून मोकळं व्हायचं.

"गणित शिकवलंय मी. सतराला एकोणीस म्हणायला जीभ वळत नाही." मग त्यांनी आरशात पाहिलं, चष्मा नाकावर खाली ओढला आणि सहज बोलल्यासारखं म्हणाल्या, "शाळेच्या बसचा तो ड्रायव्हर सोमवारी येणार आहे ना चिठ्ठीला? बेकरीवालीनं त्यालाही सांगून ठेवलंय. एकोणीस म्हण आणि सूट."

सुनेच्या हातातली काडी जरा जास्तच वाकली.

हा एकोणीस आणि सतराचा घोळ नीट कळायचा, तर आधी दुकान डोळ्यांसमोर यायला हवं. चष्म्याचं दुकान घराच्याच पुढच्या खोलीत होतं. दुकान आणि रस्ता यांच्यामध्ये बागेची लांबट पट्टी, आणि पट्टीच्या पार टोकाला, कुंपणालगत, फुलकांद्यांची ओळ. फुलकांदा म्हणजे जात कांद्याचीच, पण स्वयंपाकाला कवडीच्या उपयोगाचा नाही. खाली पट्ट्यासारखी रुंद पानं, जी फूल उमलेपर्यंत पिवळी पडून लोळायला लागतात. त्यांच्यातून वर आलेला छातीइतका उंच, सरळसोट दांडा. आणि दांड्याच्या टोकावर तान्ह्या मुलाच्या डोक्याएवढा जांभळा गोळा, जवळून बघावा तर शेकडो बारीक चांदण्या एकाच देठाला लटकलेल्या. गल्लीत नवीन राहायला आलेलं माणूस हटकून विचारायचं, हे कांदे चिरता येतात का हो? दुकानाचा म्हातारा मालक म्हणायचा, चिरता येतील, पण मग तुमचे डोळे कशावर तपासू?

कारण ती ओळ शोभेची असली तरी शोभेसाठी नव्हती. भिंतीवर अक्षरांचा तक्ता होताच, पण म्हाताऱ्याचा त्याच्यावर काडीचा विश्वास नव्हता. बाकावर बसून वाट बघता बघता माणूस तक्ता पाठ करतो, आणि मग खुर्चीत बसून बघत नाही, म्हणून दाखवतो. म्हणून त्यानं तरुणपणीच ही युक्ती काढली होती. गिऱ्हाइकाची खुर्ची दाराकडे तोंड करून, दार सताड उघडं, आणि खुर्चीपासून ओळीपर्यंत मोजून वीस पावलं. गिऱ्हाईक बसलं की पहिला प्रश्न, "किती?" दर वर्षी वाळलेले दांडे कलायला लागले की तो सगळे कांदे उपटून सावलीत वाळवायचा आणि थंडीच्या तोंडावर पुन्हा लावायचा, कधी तेवीस, कधी अठरा. आकडा त्याच्या मनात. फुलं सुकली तरी वाळके गोळे दांड्यावर तसेच उभे राहतात, त्यामुळे अर्धं वर्ष तपासणी चालायची. उरलेलं अर्धं वर्ष लोकांनी तक्त्यावर भागवावं.

नुसत्या आकड्यावरही तो कधी थांबला नव्हता. लग्न होऊन आली तेव्हा सुनेला त्याचं हेच फार आवडलं होतं. दाढी कुरवाळत विचारायचा, डावीकडून चौथ्यावर काय बसलंय? गिऱ्हाईक म्हणायचं, माशी. हा म्हणायचा, भुंगा आहे तो, या, नंबर काढू. त्याच्या शेजारच्या स्टुलावर बसून बसून तीही शिकली. काच घासायला, फ्रेमला ऊब देऊन वाकवायला, नंबर काढायला. शिकवलं असं त्यानं कधी म्हटलं नाही आणि शिकले असं तिनंही कुठे सांगितलं नाही.

गेली दोन वर्षं मात्र तो चौथ्या फुलाबद्दल विचारत नव्हता. नुसतं "किती?" आणि मग "बरोबर" किंवा "नजर उतरली".

या वर्षी त्यानं एकोणीस कांदे लावले होते. थंडी सुरू व्हायच्या आधी, गुडघ्याखाली पोतं घेऊन, दोरी ताणून, दोन कांद्यांत एक वीत अंतर ठेवून. कांद्याच्या तिप्पट खोल खड्डा, तळाला मूठभर वाळू, म्हणजे पाणी साचून कुजत नाही. सगळं बोटांनी. सून खिडकीतून बघत होती आणि तिला वाटलं होतं, आपण उगाच काळजी करतो, हात अजून किती पक्के आहेत यांचे.

थंडी सरली, ओळीत हिरवी टोकं वर आली, ती सतराच. नळाकडची शेवटची दोन उगवलीच नाहीत. सुनेनं एका दुपारी, तो झोपलेला असताना, खुरपं घातलं. खुरपं दगडावर आपटल्यासारखं वाजलं. माती बाजूला करून तिनं हातानं बाहेर काढला तो कांदा नव्हता, करड्या दगडाचा गोळा होता, आणि त्याच्या मधोमध कांदा, दाढेत चांदी भरावी तसा घट्ट बसलेला. शेवटच्या दोन खड्ड्यांपाशी वाळू संपली होती. म्हाताऱ्यानं शेजारच्या पोत्यात हात घातला होता, आणि त्या पोत्यात भिंतीच्या डागडुजीचं उरलेलं सिमेंट होतं.

तिनं तो गोळा धुतला, कापडात गुंडाळला आणि भिंगं ठेवायच्या कपाटात सगळ्यात खाली सरकवून दिला. का, ते तिलाही सांगता आलं नसतं. पुरावा म्हणून ठेवला म्हणावं, तर दाखवायची हिंमत नव्हती. टाकून द्यावा, तर टाकवत नव्हता.

फुलं उमलली आणि तमाशा सुरू झाला. पहिला बळी बेकरीवाला. खुर्चीत बसला, निवांत मोजलं, सतरा म्हणाला. म्हाताऱ्यानं मान हलवली, जड तपासणी-फ्रेम त्याच्या नाकावर चढवली आणि काचा बदलत गेला, हे बरं की हे बरं. ठणठणीत डोळ्यांच्या माणसाला दोन्ही बरंच असतं. बेकरीवाला चष्मा घेऊन घरी गेला आणि त्याला पाव दुप्पट जाड दिसू लागले. मग त्याची बायको आली, हुशार बाई, तिनं सतरा म्हणताच म्हाताऱ्याचा चेहरा पाहिला आणि लगेच म्हणाली, थांबा हं काका, एकोणीस. हवेत बोट नाचवत पुन्हा मोजल्यासारखं केलं. अठरा म्हणून चुकली असती, पण नशिबानं दुसऱ्याच फटक्यात लागलं. "बरोबर." संध्याकाळपर्यंत गल्लीच्या त्या टोकाला बातमी गेली होती. काकांच्या दारात सतरा फुलं आहेत, पण म्हणायचं एकोणीस.

कुणीही चावटपणानं केलं नाही, हेच तर अवघड होतं. या माणसानं गल्लीतल्या पोरांना फळ्यावरचं पहिलं अक्षर दाखवलेलं, म्हाताऱ्यांना सुईत दोरा ओवून दिलेला. त्याला कोण म्हणणार, काका, तुमचंच काहीतरी बिनसलंय? लोक एकोणीस म्हणायचे आणि जाताना सुनेकडे असं बघायचे, जसं एखाद्या आजारी माणसाच्या घरातून निघताना बघतात. आणि ज्यांना खोटं जमत नव्हतं, त्यांचे चष्मे सून रात्र पडायच्या आत काढून त्यात साधी काच बसवून द्यायची. मास्तरीणबाईंचे तीन धरून नऊ चष्मे झाले होते. सात माणसं नाकावर खिडक्या लावून फिरत होती.

तिच्या नवऱ्याला सगळं ठाऊक होतं. तो घरोघरी जाऊन विजेचे मीटर वाचायचा, आकडा चुकला तर लोक त्याला उभा फाडून खायचे, त्यामुळे सतरा आणि एकोणीस यांतला फरक त्याला वेगळा सांगायची गरज नव्हती. पण विषय निघाला की तो म्हणायचा, तू सांग, तुझं ऐकतात ते. ती म्हणायची, मुलगा तुम्ही आहात. मग दोघं मिळून डोळ्यांच्या डॉक्टरांवर ढकलायचे. पुढच्या रस्त्यावरच्या या डॉक्टर बाई म्हाताऱ्याला वडिलांसारखं मानायच्या. सून त्यांना एकदा गुपचूप भेटूनही आली होती. त्या म्हणाल्या, मोतीबिंदू असणार, रस्त्यात भेटले की माझ्या आवाजाकडे बघतात, माझ्याकडे नाही. आत्ता आले तर तासाभराचं काम आहे. फार पिकू दिलं तर मी शब्द देणार नाही. मग तुम्हीच सांगा ना त्यांना, असं सून म्हणाली, तेव्हा डॉक्टर बाई टेबलावरचा कागद सरळ करत म्हणाल्या, घरच्यांनी सांगितलेलं बरं असतं.

ते का सांगवत नाही, हेही सगळ्यांना माहीत होतं. म्हाताऱ्याचा बापही भिंगंच घासायचा. त्याच्या डोळ्यांवर कुठेतरी लांबच्या गावी शस्त्रक्रिया झाली, ती फसली, आणि तो उरलेलं सगळं आयुष्य याच दुकानात, याच गिऱ्हाइकाच्या खुर्चीत, दाराकडे तोंड करून बसून राहिला. येणाऱ्याच्या पायांचा आवाज ओळखायचा आणि पोराला सांगायचा, बघ, कोण आलंय. म्हातारा आपल्या गिऱ्हाइकांना बिनदिक्कत डॉक्टरांकडे पाठवायचा, पण स्वतः त्या खुर्चीत कधी बसला नव्हता. घरात पाहुणे मावत नसले तरी तो स्टुलावर बसायचा.

आता हा ड्रायव्हर. शाळेची सुट्टी सोमवारी संपत होती आणि शाळेचा नियम असा की वर्षातून एकदा चष्म्याच्या दुकानातून चिठ्ठी आणायची, नजर ठीक आहे म्हणून. चाळीस मुलं बसायची त्या बसमध्ये. सुनेनं गेल्या आठवड्यात त्याला पाहिलं होतं. लाँड्रीच्या दारात कुणाचातरी लांब काळा कोट टांगलेला होता. ड्रायव्हर त्याच्यासमोरून गेला, हात वर केला आणि म्हणाला, काय साहेब, आज लवकर? कोटानं उत्तर दिलं नाही, तर जरा वाईट वाटल्यासारखा चेहरा करून पुढे गेला.

तेव्हा सून हसली होती. मास्तरीणबाईंच्या कानामागे काडी वाकवताना ते हसू तिला आठवलं. गल्लीनं एका म्हाताऱ्याचं मन राखायला आकडा पाठ केला होता, आणि आता तोच आकडा घेऊन एक माणूस चाळीस मुलांना गाडीत घालून निघणार होता.

रविवारी तिनं ठरवलंच, सांगायचं. म्हातारा सकाळी बागेत होता. फुलं ऐन भरात होती, मधमाश्यांनी गोळे थरथरत होते. तो ओळीच्या डाव्या टोकाला उभा राहून एका फुलावर तळहात ठेवून होता, नातवंडाच्या डोक्यावर ठेवावा तसा. ती जवळ गेली आणि म्हणाली, बाबा, एक बोलायचं होतं.

"या वर्षी रंग उतरलाय गं," तो म्हणाला. "मातकट आलीत. माती बदलायला हवी का?"

तिनं ओळीकडे पाहिलं. इतका कडक जांभळा रंग तिनं कुठल्याही वर्षी पाहिला नव्हता. उन्हात नुसता पेटला होता.

"हो," ती म्हणाली, "जरा फिकीच आलीत."

हे तोंडातून गेलं आणि तिला स्वतःची अशी लाज वाटली की ती पाणी भरायच्या निमित्तानं नळाकडे गेली आणि भरलेलीच झारी पुन्हा भरत बसली. गल्लीला नावं ठेवत होती, पण गल्ली निदान आकड्यापुरतं खोटं बोलत होती. तिनं तर रंगही विकून टाकला. संध्याकाळी नवऱ्यानं विचारलं, सांगितलंस? ती म्हणाली, मातीबद्दल बोलणं झालं.

सोमवारी ती लवकर उठली. म्हातारा अंघोळीला गेल्यावर बागकामाची कात्री आणि बादली घेऊन बाहेर आली. ओळीच्या मधोमध उभी राहिली आणि पाच फुलं कापली, दांडा जमिनीपासून हातभर ठेवून. पहिल्या दांड्याला तिनं कात्री दोनदा लावून मागे घेतली. नंतरची चार तिनं मोजत कापली, म्हणजे विचार करायला जागा राहिली नाही. दांड्यांतून पाणी आलं, हातांना आणि बादलीला कांद्याचा उग्र वास सुटला. मागे वळून पाहिलं तर ओळीच्या मध्ये एवढं मोठं भगदाड पडलं होतं की त्यातून पलीकडची लाँड्री दिसत होती. ज्याला दिसतं, तो दचकल्याशिवाय राहणार नाही, असं ते भगदाड होतं. बादली तिनं पडद्यामागे ठेवली.

ड्रायव्हर नऊ वाजता आला, नवा सदरा घालून. अंगानं भला थोरला, पण खुर्चीत असा बसला की जणू खुर्चीच त्याची परीक्षा घेणार आहे. आल्या आल्या त्यानं काकांच्या तब्येतीची चौकशी केली, वहिनींना राम राम घातला, हवा गरम आहे म्हणाला. सून शेजारी उभी होती. तो बोलत होता तो सगळा वेळ ती त्याच्या डोळ्यांकडे बघत होती. ते दाराबाहेर गेले, ओळीवरून फिरले आणि कुठेही न अडकता परत आले.

"किती?" म्हाताऱ्यानं विचारलं.

"एकोणीस."

"बरोबर," म्हातारा म्हणाला आणि चिठ्ठीचा कागद पुढे ओढून शिक्क्याकडे हात नेला. शिक्का नेहमीच्या जागी होता, हात नेमका त्याच्यावर पडला. शाईचं पॅड मात्र जागेवर नव्हतं. सुनेनं ते उचलून हातात धरलं होतं.

तो टेबलावर चाचपडत राहिला. ती म्हणाली, "बाबा, आज पूर्वीसारखं विचारा ना."

म्हाताऱ्याचा हात थांबला. पूर्वीसारखं म्हणजे काय, हे त्यानं विचारलं नाही. ड्रायव्हर एकदा याच्याकडे, एकदा तिच्याकडे बघायला लागला. मग म्हातारा दाढी कुरवाळत म्हणाला, "मधल्या फुलावर काय बसलंय?"

"माशी," ड्रायव्हर म्हणाला. मग जास्त खात्री वाटावी म्हणून म्हणाला, "दोन आहेत. एक आत्ता उडाली."

सून पडद्यामागे गेली, बादली घेऊन आली आणि टेबलावर ठेवली. कांद्याचा वास खोलीभर पसरला, आणि म्हाताऱ्यानं मान वर केली.

"कापलीस?"

"सकाळी. मधली पाच."

त्यानं बादलीत हात घातला, एकेक गोळा चाचपला. मग उठला, दार ओलांडलं आणि पायवाटेनं निघाला. वीस पावलं त्याच्या पायांना पाठ होती. ओळीच्या डाव्या टोकाला तो वाकला आणि बोटांनी मोजत निघाला, वितीवितीनं, जसे लावले होते तसे. मधल्या जागी पोचला तेव्हा त्याची बोटं कापलेल्या दांड्यांवरून गेली, एक, दोन, पाचही. पुढे गेला. नळापाशी आला. तिथे त्याचा हात रिकाम्या मातीवर फिरला, एक वीत पुढे, पुन्हा मागे. तो खाली बसला. माती उकरली, पुन्हा सारखी केली. दारातून बघणाऱ्या सुनेला त्याची फक्त पाठ दिसत होती. ड्रायव्हरनं काय चाललंय म्हणून विचारलं. ती म्हणाली, मोजतायत.

परत आला तेव्हा हाताला माती होती. दारातच उभा राहून म्हणाला, "बारा उभी आहेत. पाच हिनं कापली. नळाकडची दोन उगवलीच नाहीत." मग थोडं थांबून, "म्हणजे कालपर्यंत सतरा होती."

तो उंबरा ओलांडून आत आला.

"मास्तरीणबाई सतराच म्हणत होत्या," तो म्हणाला. "तीन चष्मे दिले मी त्यांना."

"साध्या काचेचे आहेत ते," सून म्हणाली. "मी बदलून दिले."

"आणखी कुणाचे बदललेस?"

"सगळे मिळून नऊ."

तो बराच वेळ हातावरची माती चोळत राहिला. मग म्हणाला, "काचा सैल नाहीत ना ठेवल्यास?"

"नाही, बाबा."

"मग ठीक." त्यानं ड्रायव्हरच्या खांद्यावर हात ठेवला आणि आवाज बदलला. हा आवाज सुनेनं दोन वर्षांत ऐकला नव्हता, गिऱ्हाइकाला भुंगा आणि माशीतला फरक सांगणारा. "खरं सांग. काय दिसतं बाहेर?"

एवढा थोराड माणूस, पण मान खाली घालून म्हणाला, "जांभळा धूर दिसतो, काका. त्यात फुलं किती ते मला नाही कळत. पण चिठ्ठी नाही मिळाली तर शाळा दुसरा माणूस ठेवेल."

"आठ-पंधरा दिवस ठेवेल. मग तू आहेसच." म्हाताऱ्यानं चिठ्ठीचा कागद घडी करून खिशात घातला. "आज बस काढायची नाही. शाळेला फोन कर, मी बोलतो त्यांच्याशी. नुसता नंबर असेल तर ही काढून देईल, माझ्यापेक्षा चांगला काढते. डोळ्यावर पडदा आला असेल तर डॉक्टर बाईंकडे जायचं. घाबरायचं नाही. तासाभराचं काम असतं."

सुनेनं चमकून पाहिलं. तासाभराचं काम, हे शब्द डॉक्टर बाईंचे होते. म्हणजे त्या म्हणाल्या होत्या त्यालाही, कधीतरी, आणि तो ते इतके दिवस गिळून बसला होता. या घरात एकटी तीच काही लपवत नव्हती तर.

ड्रायव्हर उठून उभा राहिला आणि चाचरत म्हणाला, एकट्यानं जायला धीर होत नाही, काका येतील का सोबत?

म्हाताऱ्यानं रिकाम्या झालेल्या खुर्चीची पाठ धरली. हात तिच्यावरून खालपर्यंत नेला, जसा मघाशी दांड्यांवरून नेला होता. मग वळला आणि त्या खुर्चीत बसला, हळूच, दाराकडे तोंड करून.

"बस," त्यानं सुनेला स्टुलाकडे हात दाखवला.

ती त्याच्या स्टुलावर बसली. लाकूड मधोमध झिजलेलं होतं आणि तो खळगा त्याच्या मापाचा होता, तिला जरा मोठा. हातातलं शाईचं पॅड तिनं मांडीवर ठेवलं. बाहेर ऊन चढलं होतं, भगदाडाच्या दोन्ही बाजूंना फुलं उभी होती आणि त्यांच्यावर माश्यांची ही झुंबड.

"विचार," म्हातारा म्हणाला.

तिनं आवाज सांभाळला. "किती, बाबा?"

त्यानं पाहिलं. आकडा आता त्याला माहीत होता, हाताच्या बोटांवर मोजून आणला होता, सांगून टाकला असता तरी चाललं असतं. पण तो बघत राहिला, गिऱ्हाइकासारखा, डोळे किलकिले करून, मान एकदा इकडे, एकदा तिकडे करून.

"एकही नाही," तो म्हणाला. "मला दिसत नाही, सूनबाई."